खंडूनानांची हजेरी

डिसेंबरचा पहिला सोमवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. हजर : सहा मुली, खंडूनाना, त्यांच्या अकरा शेळ्या आणि मी. गैरहजर : शीतल. दंड : आठ कप चहा.

माझ्या वहीतली ही पहिली नोंद. खंडूनाना आमच्या गावच्या मुलींच्या कबड्डी संघाचे शिक्षक. शिक्षक म्हणजे शाळेतले नव्हेत. वर डोंगराच्या टेपावर एकटे राहायचे, शेळ्या राखायचे आणि पहाटे त्याच शेळ्या घेऊन खाली मैदानावर यायचे. मैदान म्हणजे माझं भाताचं खाचर. भात कापून झालं की ते चार-सहा महिने मोकळंच असतं. खाचराच्या बांधाला लागून दूध संकलन केंद्र आहे आणि तिथे दूध मोजून लिहिण्याचं काम मी एकोणीस वर्षं करतो आहे. नाना एक दिवस खिडकीशी आले आणि दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "भाऊ, तुमी तसंबी लिवताच. ह्ये बी लिवा."

त्या सोमवारी शीतल आली नव्हती. नानांनी सहा जणींना मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "सात म्हंजे सात. चला."

मला वाटलं, पळायला चालले. ते शीतलच्या दारात चालले होते.

दारात जाऊन नानांनी मुलींना साखळी धरायला लावली. कबड्डीत बचाव करताना हातात हात धरतात तशी. शीतलची जागा मधली, म्हणून मधे एका माणसाची फट ठेवली. फटीच्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी मोकळा हात पुढे धरून ठेवायचा. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, बसायचं नाही. शीतल हिंजवडीकडच्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि दुसरी पाळी करून रात्री एकला घरी आली होती. तिची आई बाहेर आली.

"अवं नाना, झोपू द्या की पोरीला. मेली हाय नुसती."

"झोपू द्या," नाना म्हणाले. "आमची काय घाई न्हाई."

माझ्या घड्याळाप्रमाणे बावीस मिनिटांनी शीतल बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. ती फटीत शिरली, तिने दोन्ही हात धरले आणि नाना म्हणाले, "झालं. आता च्या ठेव."

गैरहजर राहिल्याचा दंड तेवढाच. दारात आलेल्या प्रत्येकाला एक कप चहा.

पुढच्या दोन वर्षांत आम्ही चौदा दारांत उभे राहिलो. सर्वांत कमी वेळ चाळीस सेकंद. त्या घरी कुत्रं होतं. सर्वांत जास्त एक तास दहा मिनिटं, आणि ते घर माझं होतं.

माझी मुलगी वैशाली संघात होती. परीक्षेचं कारण सांगून ती अंथरुणातून उठली नाही. आता हजेरी घेणारा मी आणि घरमालकही मीच. वही काखेत धरून स्वतःच्या अंगणात उभा राहिलो. बायकोने खिडकीतून पाहिलं.

"तुम्ही तिकडं काय उभे राहिलाय? आत या की."

मी एक पाऊल उचललं, तोच नाना म्हणाले, "वैनी, भाऊ आत्ता तुमच्या घरचे न्हाईत. ते आमच्यातले हायेत."

बायकोने खिडकी लावून घेतली. त्या दिवशी चहा वैशालीने केला, पण माझ्या कपात साखर नव्हती. ती चूक होती असं मला आजही वाटत नाही.

कविताच्या वेळची गोष्ट गावात अजून सांगतात. ती डावा कोपरा खेळायची. तिला बघायला पाहुणे येणार होते आणि कार्यक्रम नांद्याला तिच्या मामाकडे ठेवला होता. नानांना हे कारण कळलं होतं, पटलंही होतं. तरी ते म्हणाले, "बघायचा कार्यक्रम दहाला. आपला सहाला. आपला आधी हाय." पण सहाला कविता आली नाही, कारण ती आदल्या दिवशीच नांद्याला गेली होती. दुधाच्या टेम्पोत रिकाम्या कॅनच्या मधे सहा मुली आणि नाना बसले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. टेम्पो वाटेत दोन ठिकाणी कॅन उतरवत गेला, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे पोह्यांवर आले होते.

अंगणात साखळी उभी राहिली. मुलाच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला.

"ही कोण मंडळी?"

कविताचे वडील घाम पुसत म्हणाले, "ते... आमच्या पोरीचं कबड्डीचं हाय."

साडी नेसलेली कविता आतून आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ अंगणात जाऊन डाव्या टोकाला उभी राहिली आणि तिने शेजारणीचा हात धरला. मुलाचे वडील उठून ओट्यावर आले.

"कोपरा खेळतीस?"

"व्हय. डावा."

"घोटा धरतीस का मांडी?"

"घोटा."

ते आत जाऊन मुलाला म्हणाले, "तुला जड जाईल, पण घर सांभाळील." लग्न ठरलं. ती अजून खेळते.

नाना मैदानावर पकडी शिकवत, पण त्यांचा जीव होता तो शेवटच्या अर्ध्या मिनिटावर. रोज सराव संपताना ते म्हणत, "एका गुणानं आपुन म्होरं हाय. समोरचीची शेवटची चढाई. काय करायचं?" सातही मुलींनी मागे सरकून गप्प उभं राहायचं. कुणी हात घालायचा नाही. "ती काय करायची ती करू द्या. घड्याळाला खेळू द्या." हे चालू असताना ते मुद्दाम शेळ्या मैदानात सोडत, मला दुधाचे कॅन आपटायला लावत. एकदा त्यांनी डेअरीची मोटर चालू-बंद करायला सांगितली आणि माझा एकशेवीस लिटरचा हिशेब चुकला. मुली हलल्या नाहीत. "डोस्कं थंड ऱ्हायलं पायजे," नाना म्हणायचे. स्वतः ते मैदानावर कधी ओरडले नाहीत. शेळ्यांना आणि मुलींना शिट्टी एकच होती. शेळ्या आधी यायच्या.

संघात राखीव खेळाडू नव्हती. गावात खेळू देणारी घरंच सात. म्हणून सात म्हंजे सात.

यंदा तालुक्याच्या सामन्यांत मुली उपांत्य फेरीत पोचल्या. मी बाकावर बसून वहीत गुण लिहीत होतो. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आमचे एकतीस, त्यांचे तीस. त्यांची शेवटची चढाई. आमच्या सातही मुली मागे सरकल्या आणि गप्प उभ्या राहिल्या. रोजच्यासारख्या. चढाईवाली हात फिरवत होती, तिला कुणी सापडत नव्हतं. परत जायला ती अर्धवट वळली, आणि तिची पाठ दिसली.

"धर!"

नाना ओरडले होते. जन्मात पहिल्यांदा.

मुलींनी ऐकलं. दोन वर्षं त्यांनी नानांचं प्रत्येक म्हणणं ऐकलं होतं. तिघी तिच्यावर पडल्या. ती अंगाने दांडगी होती, तिघींना ओढत रेषेपर्यंत गेली आणि तिची बोटं रेषेपलीकडे टेकली. तीन गुण. तेहतीस-एकतीस. शिट्टी झाली.

येताना नाना गावाच्या अलीकडेच, टेपाची वाट फुटते तिथे टेम्पोतून उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. हजर : सात मुली आणि मी. शेळ्या नाहीत.

साडेसहापर्यंत मुली उगाच हात-पाय ताणत राहिल्या. मग वैशाली खिडकीशी आली.

"आबा, वहीत काय लिवलं?"

मी वही फिरवून दाखवली. 'गैरहजर : एक. खंडूनाना.'

तिने ती ओळ वाचली आणि वळून बाकीच्यांना म्हणाली, "चला."

मी डेअरीची खिडकी लावली. दूध घेऊन आलेल्या माणसांना थांबा म्हणालो. एकोणीस वर्षांत हे मी पहिल्यांदा केलं. टेपाची चढण पाऊण तासाची आहे. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणीही ती चढलं नव्हतं, कारण नाना रोज खाली येत. पत्र्याची एक खोली, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. शेळ्या वाड्यातच कोंडलेल्या, ओरडत होत्या. दार लोटलेलं.

मुलींनी अंगणात साखळी धरली. मी नेहमीप्रमाणे वही घेऊन बाजूला उभा राहत होतो, तर शीतलने हात पुढे केला.

"भाऊ, हितं या."

मला तिने आणि वैशालीने मधे घेतलं. वही मी पायाशी ठेवली.

आतून आवाज आला, "जावा घरी."

कुणी हललं नाही.

"ऐकू येत न्हाई का? जावा म्हन्लं."

"नाना," शीतल म्हणाली, "आमची काय घाई न्हाई."

त्यानंतर आम्ही किती वेळ उभे होतो, ते वहीत नाही. माझे दोन्ही हात धरलेले होते, घड्याळ बघता आलं नाही. पायांत गोळे आले एवढं आठवतं, आणि आमची सावली दारापासून आखडत अंगणाच्या मध्यावर आली होती.

शेवटी दार उघडलं. नाना उंबऱ्यात उभे राहिले. डोक्याला मुंडासं नव्हतं. त्यांनी सवयीने आम्हाला मोजलं.

"आठ कशे?"

"आबा राखीव हायेत," वैशाली म्हणाली.

नाना उंबऱ्यावर बसले. त्यांनी हाताचे तळवे बघितले. मग आमच्याकडे न बघता बोलायला लागले.

"तुमच्याएवढा व्हतो तवा म्या बी कोपरा खेळायचो. असाच सामना. माझ्या हातनं सुटली पकड. दुसऱ्या दिशी मैदानावर गेलो न्हाई. हितंच, ह्याच जागेवर बसलो. म्हन्लं, कुनीतरी ईल. शिव्या घालाया का हुईना, पर ईल. सतरा दिस बसलो."

"मग?" कविताने विचारलं.

"मग काय. अठराव्या दिशी शेळ्या घेऊन रानात गेलो. लगीन ऱ्हायलं, खेळ ऱ्हायला. शेळ्या ऱ्हायल्या."

मग शीतल म्हणाली, "नाना, शिव्या घालू का?"

नानांनी वर बघितलं. "घाल की."

तिने तोंड उघडलं, पण तिला काही सुचेना. दुसऱ्या कुणालाही सुचलं नाही. नाना उठले आणि आत गेले. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही हात सोडले.

घरात कप एक होता. बशी एक. त्यांनी दोन वाट्या काढल्या, तांब्या काढला, चहाच्या पातेल्यावरचं झाकण उलटं केलं. तरी भांडी सहाच झाली. दोघी थांबल्या. आधीच्यांचं पिऊन होताच नानांनी भांडी विसळून त्या दोघींना भरून दिली. चहा शेळीच्या दुधाचा होता. कप त्यांनी मला दिला. मी तो शीतलला दिला आणि वाटी घेतली.

निघताना वैशाली म्हणाली, "नाना, उद्या सहाला." त्यांनी मान हलवली आणि शेळ्यांच्या वाड्याचं फाटक काढलं.

खाली येऊन मी नोंद पुरी केली. दंड : आठ कप चहा. दिला : खंडूनानांनी. मिळाला : सात मुली आणि एक राखीव. बाकी : काही नाही.