न खणलेला वाफा

रमाकांत सावंतांनी परसातल्या वाफ्याला कुदळ लावायची नाही असे ठरवले, तेव्हा मंगलाताईंनी एकच अट घातली. "दिवाळीपर्यंत वांगी दिसली नाहीत, तर तिथं फरशी बसेल. मला कपडे वाळवायला जागा हवी."

सिल्वासातल्या त्या सरकारी क्वार्टरमागे तेवढीच काय ती जमीन होती. रेडिओवरचे एक भाषण ऐकल्यापासून रमाकांतांची खात्री पटली होती की, माती उलथली की तिच्यातले जीव हवालदिल होतात. तिला फक्त पांघरूण हवे. म्हणून त्यांनी किलवणीहून शेणखत आणले, त्यावर भाजीची देठे, सागाची वाळकी पाने आणि गवत असे थर रचले. कचेरीत जाताना ते रोज वाफ्याकडे कौतुकाने पाहत.

मे महिन्यात चिपळूणकडचे सासरे, आबा, राहायला आले. एका संध्याकाळी रमाकांत घरी परतले, तर वाफ्याच्या जागी राख होती आणि आबा कडेच्या ठिणग्या विझवत होते.

"जावईबापू, राब भाजून टाकला. थर नामी रचलेत हां तुम्ही. नुसतं पेटवायचं राहिलं होतं. मंगलाला विचारलं, तर म्हणाली, पेटवा."

भाताच्या रोपांसाठी कोकणात शेण-पाला असाच अंथरून जाळतात, हे रमाकांतांना ठाऊक होते. सासऱ्यांना उलट बोलायचे नसते, हेही ठाऊक होते.

"राहिलं होतं खरं," ते म्हणाले.

"फरशी काळी आणू या की लाल?" मंगलाताईंनी आतून विचारले.

पण भाजलेला राब मोकळा ठेवणे आबांच्या रक्तात नव्हते. त्यांनी भात पेरले. आषाढात रोपे वीतभर झाली, तशी लावणीसाठी कपड्यांच्या दोरीखालची जागाही त्यांनी बांधात घेतली.

"आबा, जरा ऐकता का..." मंगलाताईंनी सुरुवात केली.

"तुझी आई गेल्यापासून हाताला माती लागली नव्हती गं," आबा म्हणाले. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही. चहा ठेवते."

रविवारी चिखलणी झाली. कुदळीने साऱ्या परसाचा लगदा करून रमाकांत पोटरीभर चिखलात रोपे लावत होते. ओल्या कपड्यांची बादली घेऊन मंगलाताई दारात आल्या.

"सांगा ना त्यांना, माती हलवायची नसते म्हणून," त्या कुजबुजल्या.

"वडील तुझे. तूच सांग."

आबांनी वळून पाहिले. "काय झालं?"

मंगलाताईंनी बादली पायरीवर ठेवली. "काही नाही, आबा. ह्यांची रांग वाकडी जातेय, तेवढं सांगत होते."

रमाकांतांनी शेवटची चार रोपे उपटली आणि सरळ रांगेत पुन्हा लावली.