नितीनचा रविवार, पुन्हा पहिल्यापासून

नितीन पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा त्याने बेल नुसती वाजवली नाही. आधी बोट टेकवल्यासारखी, मग जोरात, मग थांबून थांबून, आणि शेवटी जी दाबून धरली ती मी दार उघडेपर्यंत.

"आजी, जास्त वेळ दाबली की अडकते तुमची बेल."

"आजवर कधी अडकली नव्हती."

"आजवर कुणी एवढी दाबली नव्हती," तो समाधानाने म्हणाला. बेल संध्याकाळपर्यंत किणकिणत राहिली.

तुम्ही दोघे तिकडे दूर असता, म्हणून आधी माणसे सांगते. आजोबांच्या निवृत्तीनंतर आम्ही पुण्याजवळच्या भरे गावात घर बांधले, ती जमीन कौसाबाईंची. उरलेल्या जागेत त्यांनी माडी चढवून खोल्या भाड्याने दिल्या. त्यांतल्या एका खोलीत नितीन आणि त्याची बायको स्वाती राहत. दोघे परभणीचे, लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. तो मोटरसायकलने हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत जाई. तिथे इतर लोक प्रोग्रॅम लिहीत आणि हा त्यांतल्या चुका शोधी. तुमच्या बाबांच्या तोंडी 'डीबगिंग' हा शब्द सारखा असतो. त्याचा अर्थ मला मात्र नितीनमुळे कळला, आणि त्यासाठी माझा मिक्सर खर्ची पडला.

मिक्सर मधूनच बंद पडतो, एवढेच मी बोलले होते.

"बंद पडतो म्हणजे काय? स्टेप्स सांगा. आधी झाकण की आधी बटण?"

"आधी झाकण. मी वेडी आहे का?"

"तसं नाही, आजी. जी चूक पुन्हा करून दाखवता येते, ती अर्धी सुटली. येत नाही ती छळते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

मग त्याने डाळ घालून पाहिली, पाणी घालून पाहिले, भांडे तिरके बसवून पाहिले. अखेर मिक्सरमधून धूर निघाला, डाळ छताला लागली आणि नितीन ओरडला, "सापडलं!"

"सापडलं म्हनतुया! आन् मिक्सर गेला की रं," आवाजाने धावत आलेल्या कौसाबाई म्हणाल्या.

त्याला स्वस्थ बसताच येत नसे. दिव्यांची बटणे, नळ, डब्यांची झाकणे, दिसेल ते उघडून मिटून पाही. "ह्याच्या बुडाखाली मुंग्या हायेत का काय," असे कौसाबाई त्याच्या तोंडावर विचारत. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला तर त्याने कमाल केली. आरतीचे तबक उचलले गेले आणि हा उभा राहिला. "गुरुजी, चौथ्या अध्यायावरून डायरेक्ट आरतीवर आलात. पाचवा राहिला."

गुरुजींनी त्याच्याकडे असे पाहिले, की मला वाटले प्रसादातून ह्याचे नाव कटले. पण पाचवा अध्याय वाचावा लागला. भुकेली पाहुणेमंडळी चुळबुळत बसली. स्वाती मान खाली घालून पुटपुटली, "अहो, बसा ना." ती तेवढेच बोलायची. दिवसभर खोलीत एकटी, ओळखीचे कुणी नाही, आणि संध्याकाळी हा यायचा तो संगणकापुढे बसायचा.

एका रविवारी ती बॅग भरून माहेरी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. "परत कधी येईन सांगता येत नाही," एवढेच म्हणाली. त्यानंतर ती नितीनचा फोन उचलेना.

पुढच्या रविवारी नितीन आमच्याकडे आला. दाढी वाढलेली.

"आजी, मला तो रविवार पुन्हा करायचाय. पहिल्यापासून. कुठल्या स्टेपला चुकलं ते बघायचंय. तुम्ही स्वातीच्या जागी बसाल?"

"आन् मी?" शेजारी बसलेल्या कौसाबाईंनी विचारले.

"तुम्ही तुमच्याच जागी. त्या दिवशी खालून पाणी आल्याची हाक मारली होतीत."

"म्हंजी माज्यात बिघाड न्हाई. बरं झालं."

त्याने वांग्याची भाजी केली होती, कारण त्या दिवशी ती होती. भाकरी आमच्याकडची घेतली. मी त्याच्या खोलीत पाटावर बसले. त्याने घास घेतला आणि म्हणाला, "इथं मी म्हटलं, मीठ कमी आहे आणि भाकरी कडेला कच्ची आहे."

"हितंच हाय तुजी चूक!" कौसाबाई खालून ओरडल्या.

"नाही मावशी, ते मी रोजच म्हणतो. रोज कुठं जाते ती?"

यावर कौसाबाईंनी पाण्याची हाक मारून टाकली. नितीनने बादली भरली, मग संगणकापुढे बसला. मला दारात उभे केले.

"आता ती इथं उभी राहून काहीतरी बोलली. मी 'हं' म्हटलं. मग ती आत गेली, आणि बॅग काढली."

"काय बोलली?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग घाईने उठला. "पुन्हा करू. वांग्यापासून."

पुन्हा केले. पुन्हा मी दारात मुकाट उभी. भाजी गार झाली होती.

"नितीन, तू फोनवर तिला काय सांगायचा प्रयत्न करतोस?"

"मेसेज टाकतो. कुठं चुकलं असेल ते. रोज नवीन कारण."

"आणि तिला विचारलंस का?"

कौसाबाई जिना चढून आल्या, हातात त्यांच्या लेकाचा मोबाइल. "माज्या लेकाच्या फोनवर बोलंल ती." त्यांनी आम्हाला गच्चीच्या कोपऱ्यात नेले, कारण रेंज तिथेच मिळे, आणि नंबर लावला. "स्वाते, मी कौसाबाई. हे घे, तुजा नवरा हाय. ठिऊ नगंस, माजी आन हाय तुला."

नितीनने फोन कानाला लावला. "काय करू लागलीस?" त्याच्या तोंडी परभणी आली. "त्या दिवशी दारात उभं राहून काय म्हणाली होतीस? मी ऐकलंच नव्हतं."

मग तो ऐकत राहिला.

"मला पण नाही करमत गं इथं," तो म्हणाला. "आलो तेव्हापासून. तुला करमू लागलंय वाटायचं, म्हणून बोललो नाही."

"आमच्या गावात करमत न्हाई म्हनं," कौसाबाई म्हणाल्या, पण अगदी हळू, आणि पदर डोळ्यांना लावून.

"मी येऊ का?" त्याने विचारले.

दुपारच्या गाडीने तो परभणीला निघाला. घाईत शर्टाची बटणे एक घर चुकून लागली होती आणि कॉलर एकीकडे वर चढली होती. कौसाबाई सांगायला तोंड उघडणार, तोच मी त्यांचा हात दाबला.

"राहू द्या. स्वातीला दिसेल."