डब्याचा कोट

"अहो, त्या डब्याला कोट कशाला हवाय? स्वतःच्या बनियनला भोकं पडलीत, ती शिवा आधी!"

"गप्प बस! खांदा मोजतोय मी."

मास्तर खरंच खांदा मोजत होते. कुणाचा? दुकानामागच्या गॅलरीत बसवलेल्या एसीच्या बाहेरच्या डब्याचा! गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर असा भाव, की पुढ्यात साक्षात नवरदेव उभा आहे.

एसी आदल्याच दिवशी आला होता, आणि हौसेनं नाही. समोरच्या मोठ्या हॉटेलला सगळ्या वेटरांसाठी कोट शिवून हवे होते. नमुन्याचा कोट मास्तरांनी तयार केला होता. मॅनेजर स्वतः तो घालून बघणार होता. पसंत पडला तर सगळं काम मास्तरांचं. नाहीतर पलीकडच्या गल्लीतल्या फॅशनवाल्याचं! त्या फॅशनवाल्याचं नुसतं नाव निघालं तरी मास्तर तोंडातल्या टाचण्या चावायचे.

"गिऱ्हाइकाला घाम आला की कोट चिकटतो," मास्तर म्हणायचे, "आणि कोट चिकटला की शिंपी वाईट ठरतो!" म्हणून एसी.

फिटर जाताना बजावून गेला होता, "मास्तर, हा डबा खोलीतली गरमी बाहेर फेकतो. मागून हवा ओढतो, पुढून सोडतो. त्याला मोकळं राहू द्या. आजूबाजूला काही ठेवू नका."

मास्तरांनी मान डोलावली. आता मान डोलावणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मास्तर एका वेळी एकच करतात.

"उघडाबंब ठेवून गेला की गं!" फिटरची पाठ वळताच ते बायकोला म्हणाले. "शिंप्याच्या दुकानात, आणि उघडा? लोक काय म्हणतील?"

दुपारपर्यंत कोट तयार! नमुन्याच्या कोटातलं उरलेलं करडं कापड, कॉलर, पुढे काळी बटणं. छातीवर खिसासुद्धा!

"खिशात काय ठेवणार तो? रुमाल?" बायकोनं विचारलं.

"खिशाशिवाय कोट म्हणजे पोतं!"

डबा कोट घालून बसला. दिसत होता मात्र झकास, एखादा रिटायर्ड हेडमास्तर जसा. पण तासाभरात खोली कोमट झाली. बायको मागे जाऊन आली ती हात झटकतच.

"अहो, तो तापलाय! हात भाजला माझा!"

"ऊन लागतंय त्याला. कापड पातळ पडलं." मास्तरांनी अस्तर लावलं.

खोली आणखी तापली.

"फिटरला फोन करा!"

"फिटरला कापडातलं काय कळतं?"

"आणि तुम्हाला एसीतलं?"

"अगं, साधी गोष्ट आहे! थंडीत कोट ऊब धरून ठेवतो ना? मग उन्हात थंडावा धरून ठेवेल!" असं म्हणून मास्तरांनी अस्तराच्या आत कापूस भरला. वर वाऱ्यानं कोट उघडायला नको म्हणून बटणांवरून टीप मारली. दुहेरी! माणूस एकदा शहाणपणाला लागला की त्याला आवरायची कुणाची टाप आहे?

आणि नेमका मॅनेजर आला. माणूस असा रुंद, की दारातून आडवा होऊन शिरला. त्याला नमुन्याचा कोट चढवला आणि आरशापुढे उभा केला. भिंतीवरचा एसी घोरत होता, आणि हवा सोडत होता ती फोडणीच्या कढईवरून आल्यासारखी!

"मास्तर, चालू आहे ना तो?"

"नवा आहे साहेब. लाजतोय."

मॅनेजरच्या कपाळावरून धार लागली. मग मानेवरून. मग कुठून कुठून लागली ते मास्तरांना बघवेना. करडा कोट काळा पडला.

"काढा! काढा हो हा!" मॅनेजर ओरडला.

काढणार कसा? कातड्यासारखा चिकटलेला! एक बाही मास्तरांनी धरली, दुसरी बायकोनं. मॅनेजर मधे भोवऱ्यासारखा फिरला. आणि टर्रर्र! ज्या खांद्याची मास्तर जन्मभर फुशारकी मारत आले, तोच खांदा उसवला. बाही मास्तरांच्या हातात!

मास्तर बाही घेऊन गॅलरीत धावले. आता डब्याचा कोट काढू म्हणाले, तर बटण निघेना. "माझं बटण तुटत नाही," ही त्यांची जाहिरात. कधी नव्हे ती खरी ठरली!

"व्हा बाजूला!" बायको मोठी कात्री घेऊन आली आणि कॉलरपासून खालपर्यंत कोट फाडला. आतून गरम हवेचा असा भपका आला, की मास्तरांच्या मिशा क्षणभर सरळ झाल्या. थोड्या वेळानं डबा नीट गुरगुरायला लागला. आत गारवा पसरला.

मॅनेजर एका बाहीचा कोट घालून, हवा खायला गॅलरीत आला. त्यानं खाली पडलेला डब्याचा कोट उचलला. कॉलर बघितली. खिशात बोट घालून बघितलं.

"मास्तर, हे तर माझ्या कोटापेक्षा झकास शिवलंय! आमच्या गच्चीवर असे खंडीभर डबे उघडे पडलेत. सगळ्यांना शिवा. अस्तर डबल!"

"आणि वेटरांचे कोट?"

मॅनेजरनं उघडा पडलेला हात वर केला. काखेतून थेंब पडला. "ते फॅशनवाल्याकडे."

मास्तर पेचात पडले. शिवावे, तर अख्खं हॉटेल शिजणार. नको म्हणावं, तर हेही काम गेलं, आणि वर डबा आपणच गुदमरवला हे कबूल करायला लागणार. बायको कात्री हातात घेऊन बघत होती. कात्री कुणाकडे रोखलेली होती, हे सांगायला नको.

"साहेब," मास्तर शेवटी म्हणाले, "हल्ली फॅशन बदललीय. पुढून उघडं ठेवतात."

"बरं."

"मागूनही उघडं."

"आणि बाजू?"

"बाजू तर पूर्णच उघड्या!"

"मग राहिलं काय हो?"

"टोपी!" मास्तर छाती काढून म्हणाले. "डोक्यावर तेवढी. ऊन लागत नाही, हवा अडत नाही, आणि रुबाब!"

हल्ली समोरचे वेटर फॅशनवाल्याच्या कोटात मिरवतात, आणि डबे मास्तरांच्या टोपीत. परवा एक जुनं गिऱ्हाईक पँट न्यायला आलं. मास्तर टेप गळ्यात टाकून निघालेलेच.

"मास्तर, माझी पँट?"

"आज नाही हो! मला आत्ता निघायलाच हवं. गच्चीवर सगळी मंडळी उन्हात उभी आहेत, ट्रायलसाठी!"