सोमवारची मुंबई

चंद्रप्रकाश परब जोगेश्वरीला राहत आणि मुंबई आपल्याला तोंडपाठ आहे, असं सांगत. विक्रोळीच्या कारखान्यात त्यांना अकरा वर्षं सोमवारची सुट्टी होती आणि ती त्यांनी झोपण्यात घालवली होती. म्युझियम, मत्स्यालय, राजाबाई टॉवर ही स्थळं त्यांनी पाहिली होती ती कॅलेंडरच्या मागच्या पानावर.

आता मालवणहून जयवंत गुरुजी आले होते. मुलगा त्यांचा, मुलगी परबांची सुगंधा. मंगळवारी निघण्याआधी गुरुजी होय-नाही सांगणार होते.

"उद्या तुम्हाला अख्खी मुंबई दाखवतो," परब म्हणाले.

"अहो, उद्या सोमवार," त्यांची बायको रत्नप्रभा आतून म्हणाली. "बंद असेल सगळं."

"सोमवारी सगळी मुंबई कामाला लागते. तू कांदे काप."

म्युझियमच्या फाटकाला कुलूप होतं.

"सोमवारी कसली सुट्टी?" परब पहारेकऱ्यावर खेकसले.

"रविवारी आम्ही राबतो ना, काका. मग सोमवारी झोपायचं नाय काय?"

सोमवारी झोपण्याची ही कल्पना परबांना अत्यंत बेजबाबदार वाटली.

"हे बाहेरूनच बघायचं असतं, गुरुजी. घुमट बघा!"

गुरुजींनी घुमट बघितला. "आत काय आसा?"

"जुन्या वस्तू."

"किती जुन्या?"

"बऱ्यापैकी."

मत्स्यालयाचं दारही बंद होतं. "मासे मी रोज बघतंय," गुरुजी शांतपणे म्हणाले. "कुलूप मात्र झकास आसा."

राजाबाई टॉवरवर चढायला निघालेल्या परबांना तिथल्या शिपायानं हटकलं. वर कुणालाच सोडत नाहीत, सोमवार असो की शनिवार. परबांचा चेहरा उजळला.

"बघा गुरुजी! हे रोजच बंद असतं!"

उन्हात तापलेल्या बाकावर गुरुजी टेकले. "तुमच्या जोगेश्वरीत लेणी आसत म्हणे. घराकडसून किती लांब?"

"असतील पंधरा मिनिटं. त्यात काय, दगड तर आहेत."

"तुम्ही बघितलात?"

समोरून जाणाऱ्या डबल डेकरमध्ये परबांना अचानक रस वाटू लागला.

संध्याकाळी परब मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसले, तेव्हा सुगंधा गुरुजींना लेण्यांत घेऊन गेली. दोघं दिवेलागणीनंतर परतली, ती खांबांच्या नक्षीवरून वाद घालत. लेण्यांतल्या देवीच्या अंगाऱ्याची पुडी गुरुजींनी रत्नप्रभेच्या हातात ठेवली.

मंगळवारी सकाळी गुरुजींनी पिशवी उचलली.

"मुलगी पसंत आसा. तुमच्या चेडवान तासाभरात दाखवल्यान, तां तुमका दिवसभरात जमाक नाय."

परब कॅलेंडरकडे धावले. "मग माघातला एखादा सोमवारच धरू, गुरुजी. मला रजा टाकायला नको."

"सोमवार सोडून खयचोय वार चालात," गुरुजी चपला घालत म्हणाले. "तुमच्याबरोबर सोमवारी मंगल कार्यालयपण बंद मिळात."