काकाजींचा उजेड

एका हिवाळ्यात आमच्या भंडाऱ्याच्या गल्लीतली सगळी माणसं वाकून चालायची. दूधवाला, ऑफिसला निघालेले क्लार्क, भाजीची पिशवी घेतलेल्या बाया, सगळेच तुळशीराम काकाजींच्या दारासमोर आले की कंबरेत वाकून पुढे सरकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, इथे एखादं देऊळ असावं. देऊळबिऊळ काही नव्हतं. तिथून काकाजींचा उजेड जात होता.

काकाजी आमच्या समोरच राहायचे. आयुष्यभर त्यांनी बाजारात पितळी भांड्यांचं दुकान चालवलं आणि थकल्यावर ते पुतण्याच्या हाती दिलं. त्यांच्या घराचं तोंड उत्तरेला, त्यामुळे घरात उन्हाचा कवडसासुद्धा यायचा नाही. आमच्या ओट्यावर मात्र हिवाळाभर ऊन पडलेलं असायचं. काकाजींनी दुकानातली सगळ्यात मोठी परात आणून आमच्या ओट्यावर विटेला टेकवून तिरपी उभी केली, आणि आमचं ऊन गल्लीवरून, त्यांच्या दारातून थेट मधल्या खोलीत नेलं. मग दारात बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "वाका जरा, उजेड जाऊन राह्यला."

माझी आई तिथे मुगवड्या वाळत घालायची. तिला कोपऱ्यात सरकावं लागलं. "ऊनबी काकाजीनं दुकानातूनच आणलं का?" असं ती पुटपुटायची, पण परातीला कधी हात लावला नाही.

हा सगळा खटाटोप एका कुंडीसाठी होता. गिरजाकाकूंना, म्हणजे काकाजींच्या बायकोला, त्या वर्षी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि त्यांचं जग मधल्या खोलीतल्या खाटेएवढं झालं. मुलीने नागपूरहून बिगोनियाचं रोप आणलं, आईला पाहायला दोन फुलं असावीत म्हणून. नर्सरीवाल्याने तिला सांगितलं होतं की उजेड भरपूर पाहिजे, पण थेट ऊन नको. हे ऐकून काकाजी दोन दिवस कोड्यात पडले. ऊन नको आणि उजेड पाहिजे, म्हणजे भात नको पण पोट भरलं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

मी सुचवलं, कुंडी आमच्या ओट्यावर सावलीला ठेवा, छान फुलेल. काकाजींनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "फूल तिच्यासाठी आहे, पोरी. गल्लीसाठी नाई."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माती खाल्ली. जन्मभर पितळ विकलेला माणूस, मळकी परात त्यांच्या डोळ्यांना खपेना. चिंच लावून लावून त्यांनी ती अशी लखलखीत केली की खोलीत वेल्डिंग चालू असल्यासारखं वाटायचं. रोपाची पानं कडेने करपली. मग त्यांनी ती परात घासणं सोडलं, जड मनाने. ती काळपटत गेली तसा उजेड मऊ झाला आणि पानं सावरली. दुकानातलं जुनं गिऱ्हाईक दिसलं की मात्र काकाजी परातीपुढे आडवे उभे राहायचे. ती आपलीच आहे हे कळू नये, एवढीच त्यांची इच्छा असायची.

सूर्य सरकला की परातही सरकवावी लागे. काकाजी जेवता जेवता उष्ट्या हाताने गल्ली ओलांडून यायचे, ती बोटभर वळवायचे आणि परत भातावर जाऊन बसायचे. अजूनही मी भंडाऱ्याला गेले आणि त्या रिकाम्या ओट्यावर ऊन पाहिलं की मला त्यांच्या चपला वाजल्यासारख्या वाटतात.

शेवटी कळ्या आल्या, फुलल्या, गुलाबी, भरगच्च. काकाजींनी सगळ्या गल्लीला बोलावलं. आम्ही दारातून वाहवा केली. काकू मात्र जड जिभेने म्हणाल्या, "माह्याकडे पाठ करून राह्यली."

खरंच होतं. उजेड दारातून यायचा, म्हणून फुलांनी तोंडं दाराकडे केली होती. खाटेवरून फक्त देठ आणि पाठी दिसत होत्या. काकाजींनी कुंडी फिरवली, तर चार दिवसांत फुलं पुन्हा दाराकडे वळली आणि काही कळ्या गळून पडल्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. खाटेच्या उशाशी, भिंतीवर, त्यांना एक ताट टांगायचं होतं. मी ताट धरलं, त्यांनी खिळा ठोकला. आता आमच्या ओट्यावरचा उजेड आधी काकूंच्या डोक्यावरच्या त्या ताटावर यायचा आणि तिथून समोरच्या कुंडीवर जायचा. बाकीच्या कळ्या उमलेपर्यंत काकाजींना झोप नव्हती.

त्या उमलल्या तेव्हा मी तिथेच होते. एकूण एक फूल खाटेकडे तोंड करून होतं. ताटाचा थोडा उजेड काकूंच्या पांढऱ्या केसांवरही सांडला होता. काकाजी खाटेच्या काठावर बसले. चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"गिरजा," ते म्हणाले, "दुकान होतं तवा मले तुह्याकडे पाहाले सवडच भेटली नाई. म्हटलं, या फुलायनं तरी पाहावं."

काकूंचं वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं झालं. ते त्यांचं हसू होतं.

"मंग आता पाहा ना," त्या म्हणाल्या.