किनाऱ्यावर वाळू घाला

एका जंगलात, बाळांनो, समुद्र होता. जंगलात समुद्र कसा, असं विचारू नका. तो आपल्याच हद्दीत येतो असं सिंहमहाराजांनी जाहीर केलं होतं, आणि समुद्राने त्यावर काही हरकत घेतली नव्हती.

या समुद्रात द्वारकाआक्का नावाची कासवीण राहायची. तिचा जन्म जंगलाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतला. थंडी पडली की ती दरवर्षी तिथेच यायची, वाळूत खड्डा करायची, अंडी घालायची, वाळू सारखी करायची आणि निघून जायची. कासवांचं माहेर असं वाळूचंच असतं.

यंदा आक्काने पाण्यातून डोकं वर काढलं आणि बघते तर माहेरच नाही! नुसते काळे दगड. दगडांच्या मागे महाराजांचा नवाकोरा महाल.

"अगं बाई! वाळू कुठे गेली?"

दगडावर वराहपंत उभे होते. हे रानडुक्कर. जंगलाच्या बांधकाम खात्याचे साहेब.

"समुद्राने नेली," वराहपंत म्हणाले. "त्याचं काय झालं आक्का, महाराजांना खिडकीतून समुद्र दिसेना. मधे तो काटेरी केवडा, आणि वाळूवर सगळीकडे मर्यादवेल पसरलेली. आम्ही सगळं उपटून साफ केलं. मग समुद्र दिसला. फारच जवळून दिसला. खिडकीशीच आला."

आक्काचं पोट अंड्यांनी जड झालं होतं. अंडी काही कुणासाठी थांबत नाहीत. पाण्यात घातली तर बुडून जातील, दगडांवर घातली तर फुटतील. आक्का घाबरली. तशीच सरपटत दरबारात गेली.

महाराज मनाने मऊ होते. जेवण झाल्यावर तर फारच मऊ. आक्काची हकीकत ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

"आमच्या राज्यात लेकीला माहेर नाही? प्रधानजी, आजच्या आज किनाऱ्यावर वाळू घाला!"

"महाराज," आक्का हळूच म्हणाली, "नुसती वाळू राहायची नाही. वाळू धरून ठेवणारी ती वेलही परत लावा."

"वेल? मग आम्हाला समुद्र कसा दिसणार?"

आक्का आली तशी सरपटत पाण्यात परत गेली.

कोल्हा प्रधान होता. त्याने हुकूम जसाच्या तसा वराहपंतांना पोचवला. 'किनाऱ्यावर वाळू घाला.'

वराहपंत विचारात पडले. धुणं, गोधड्या, मासळी आपण उन्हात वाळू घालतो ना, बाळांनो? तेवढंच वाळू घालणं त्यांना ठाऊक होतं. पण काय वाळू घालायचं ते हुकमात नव्हतं. कोल्ह्याला विचारता आलं असतं. पण साहेब झाल्यापासून वराहपंतांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, काय ते सांगितलेलं नाही, म्हणजे सगळंच घालायचं असणार.

दुसऱ्या दिवशी आक्का आशेने किनाऱ्याला लागली. दगडांवर पाणमांजरांचे बोंबील होते. माकडांची कोकमं होती. अस्वलाच्या गोधड्या, सशांचे सांडगे, खेकड्याचे मोजे, आणि मधोमध महाराणीसाहेबांचं जाजम.

"हे काय हो, वराहपंत?"

"वाळू घातलंय."

"पण वाळू कुठाय?"

"हे सगळं वाळूच घातलंय ना! ऊनसुद्धा काय झकास पडलंय बघा."

हसावं की रडावं हे आक्काला कळेना. पण पोटातली अंडी आता ऐकायला तयार नव्हती. ती तशीच वळली, कड्याला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे एक चिमुकली चौपाटी होती. तिथे कुणी महाल बांधलेला नव्हता, म्हणून तिथे केवडा होता, मर्यादवेल होती आणि वाळूही होती. आक्काने वेलीच्या कडेला खड्डा केला आणि अंडी घातली. माहेर नव्हे, पण मावशीचं घर म्हणावं इतपत ठीक होतं.

इकडे महाराजांनी समुद्र बघायला खिडकी उघडली, तर नाकात बोंबलांचा वास! त्यांनी वराहपंतांना बोलावून फैलावर घेतलं.

"अरे, वाळू म्हणजे रेती! रेती आणून पसरा किनाऱ्यावर! समजलं?"

"समजलं, महाराज," वराहपंत म्हणाले.

आणि बाळांनो, सगळा घोटाळा इथेच झाला. कारण त्यांना खरोखरच समजलं होतं. रेती आणायची, म्हणजे जिथे आहे तिथून आणायची. जवळात जवळ ती कुठे होती? कड्यापलीकडे.

आक्का उथळ पाण्यात दम खात पडली होती. पाहते तो वराहपंत सगळी डुकरं घेऊन हजर. पाण्याच्या कडेपासून वाळू उपसायला सुरुवात. थोडं पुढे सरकले की अंडीच! आक्का ओरडली,

"थांबा! तिथे माझी अंडी आहेत!"

"आक्का, हे सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय. त्यात आता अंडी मधे आणू नका. जरा बाजूला घ्या ती."

"अंडी कशी बाजूला घेऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आम्हाला हुकूम आता नीट समजलाय."

आक्काला राग आला. पण कासवाचा राग तो, सावकाश आला. तो पुरता येईपर्यंत त्याच्याबरोबर एक युक्तीही आली.

"समजलाय ना? मग ही ओली वाळू कशी नेताय? महाराजांच्या दारात ओलं टाकणार?"

वराहपंतांनी वाळूत नाक खुपसलं. वाळू ओली होती खरी.

"मग काय करू म्हणता?"

"आधी ही वाळू वाळू घाला."

वराहपंतांचा चेहरा फुलला. या कामाचा त्यांना अनुभव होता!

पाण्याकाठची वाळू उन्हात पसरली गेली. संध्याकाळी भरती आली, ती भिजवून परत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरली, पुन्हा भरती आली. रोज हेच. वेलीपर्यंत जायला डुकरांना सवडच मिळेना.

कोल्हा चौकशीला आला. "वाळू घातली का?"

"वाळू वाळू घातली," वराहपंत म्हणाले.

कोल्ह्याने महाराजांना कळवलं की वाळू दोनदा घातली. महाराज खूश झाले.

अशात एके दिवशी पहाटे वेलीच्या कडेची वाळू हलली. एक इवलंसं डोकं वर आलं, मग दुसरं, मग कितीतरी. पिल्लं वराहपंतांच्या पायांमधून समुद्राकडे धावत सुटली.

"अरे, तुडवू नका!" वराहपंत ओरडले. "वाळू घातलीय!"

आक्का पाण्यात पोट धरून हसली. पण परत जाताना तिची नजर महालाखालच्या दगडांकडे गेली आणि तिला फार वाईट वाटलं. तिथे तिची आई येत असे. आता तिथे बोंबील वाळतात. चांगले वाळतात म्हणे.

तात्पर्य : हुकूम आधी नीट समजून घ्यावा, असं तुम्हाला शाळेत सांगतील. साहेबांना मात्र हे कुणी सांगू नये. साहेबांना हुकूम समजला नाही, तर फार तर बोंबील वाळतात. समजला, तर शेजारचाही किनारा जातो.