भावसार सरांचा मरणाचा तास

भावसार सर सातवीच्या मुलांना नाटक शिकवायचे आणि पहिल्याच तासाला मरायला लावायचे. "जगून काय, कुणीही दाखवतं," असं ते म्हणत. मग बाकं भिंतीला सरकवली जात, पोरंपोरी फरशीवर आडवी होत आणि सर कोंबडीचं पीस घेऊन त्यांच्या तळपायांवरून फिरवत जात. कुणाचा अंगठा हलला की वाकून शांतपणे विचारत, "घाई काय आहे? मेलायस ना तू?"

गुजराती मुलखातल्या लिंबायत या कामगारवस्तीत आमची मराठी शाळा होती, तिथे मी गणित शिकवत असे. सर नेमणुकीने चित्रकलेचे शिक्षक, पण त्यांनी फळ्यावर साधा आंबा काढलेलाही मला आठवत नाही. दरवर्षी स्नेहसंमेलनात ते स्वतः लिहिलेलं नाटक बसवत आणि त्यात कुणीतरी मरतच असे. एकदा मुख्याध्यापक काकुळतीला येऊन म्हणाले, "भावसारभाई, एखादं लग्न ठेवा की नाटकात." त्यावर सरांचं उत्तर असं, की लग्नात सगळे आपापलं नाटक शिकूनच येतात, तिथे मास्तर कशाला हवा?

ओळख असो नसो, वस्तीतल्या प्रत्येक अंत्ययात्रेला सर हजर. लोकांना वाटे, काय माणुसकी आहे! हे मात्र मेलेल्या माणसाचे हात बघायला गेलेले असत. दुपारी आम्ही डबे उघडले की हात कसे पडतात, हनुवटी कशी उतरते, याचं साग्रसंगीत वर्णन सुरू. आमच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांच्या उतरे. डिंडोलीला एका खोलीत एकटेच राहायचे, त्यामुळे दुसऱ्याच्या घरची भाजी मिळाली की मरण आणखी रंगायचं.

शहरात प्लेग येऊन गेल्याला वर्ष व्हायचं होतं, तेव्हा शाळा तपासायला एक साहेब आले आणि नेमके सातवीच्या दारात उभे राहिले. आत अख्खा वर्ग मरून पडलेला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि जे पळाले ते थेट फाटकाबाहेर. सरांना दुःख एवढंच, की साहेब जरा थांबते तर त्यांना दिसलं असतं, एकाही पोराने श्वास कळू दिला नव्हता. त्या दिवसापासून सरांच्या तासाला लक्ष ठेवायला मागच्या बाकावर मला बसवण्यात येऊ लागलं. मी वह्या तपासायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

त्या वर्षीच्या नाटकात राजा मरत होता आणि राजकन्या शोक करत होती. राजकन्या होती सुनंदा. तिचे वडील पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला होते. तालमी सुरू असतानाच एके दिवशी मिलमध्ये वाफेची नळी फुटली आणि ते गेले. चेहरा दाखवण्यासारखा उरला नव्हता. सुनंदाला नि भावंडांना शेजारच्या खोलीत बसवून ठेवलं आणि बापाला परस्पर स्मशानात नेलं.

दिवसपाणी आटोपल्यावर आई तिला शाळेत घेऊन आली. दारातच मला म्हणाली, "पोर रडत नही, बाई. जेवत बी नही. तिले वाटस, बाप मिलमा पाळीवरच शे." पोर निम्मी झाली होती. ही अशीच राहिली तर हातची जाईल, अशी मला खरोखर भीती वाटली.

सरांनी राजाला जगवलं. वैद्य आला, काढा दिला, राजा उठून बसला. मुख्याध्यापक खूश. मरण खोडताना सर इतके केविलवाणे दिसत होते, की मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली. तालमीत सुनंदा बऱ्याच दिवसांनी बोलली.

"सर, राजा मरणार होता ना?"

आता नाही मरत, सर म्हणाले.

"मग मी काय करू?"

सरांनी राजाला मरायला सांगितलं, पण राजा झालेला मुलगा तिच्यासमोर मरायला तयार होईना. शेवटी सरांनी चष्मा काढून माझ्या बाकावर ठेवला आणि ते स्वतः फरशीवर आडवे झाले.

सुनंदाने पाठ केलेली वाक्यं घडाघडा म्हटली. हे तात, प्रजेला पोरकं करून कुठे निघालात, वगैरे. मग थांबली. खाली बसली. सरांचा हात उचलून सोडला, तो धपकन पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

"आप्पा," ती म्हणाली, "ऊठ ना. घर चाल. आई वाट दखी ऱ्हायनी."

सर उठले नाहीत. तिने त्यांचा सदरा धरून हिसके दिले, छातीवर बुक्के मारले आणि असा हंबरडा फोडला, की शेजारच्या वर्गातले पाढे बंद पडले. आता पुरे करा, असं सांगायला मी उठलेच होते. पण हे उठून बसले तर पोरगी उद्यापासून पुन्हा बापाची वाट बघणार, हे माझ्या लक्षात आलं आणि मी खाली बसले. सर हलले नाहीत. इतकं धैर्य मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

रडून रडून तिचा घसा बसला तेव्हा मी तिला नळावर नेलं, तोंड धुतलं. मैत्रिणीने डबा पुढे केला. तिने अर्धी भाकरी खाल्ली, हुंदके देत, पण खाल्ली.

परत आले तर वर्ग रिकामा झालेला आणि सर अजून फरशीवरच. सदऱ्याची दोन बटणं तुटली होती. मी म्हटलं, सर, उठा आता, ती जेवली.

ते डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, घरी चल म्हणून मला आजवर कुणी असं ओढलं नव्हतं. जरा पडू द्या."